हिरव्या दिव्याचे सेकंद आणि आपली पावले

रस्ता ओलांडताना मागे पडणाऱ्या ज्येष्ठांचा दोष पायांत शोधण्याआधी घड्याळात शोधायला हवा

पाळी बदलण्याची वेळ जवळ आली की बोईसरच्या रस्त्यांची लय बदलते. तारापूर औद्योगिक वसाहतीकडून कंपन्यांच्या बसगाड्या एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. त्यांच्यात मालवाहू ट्रक आणि टँकर मिसळतात, आणि उरलेल्या फटीफटीतून दुचाकी व रिक्षा वाट काढतात. अशा वेळी रस्त्याच्या कडेला हातात औषधांची पिशवी घेऊन उभी असलेली एखादी वृद्ध व्यक्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती एक पाऊल पुढे टाकते, मागे घेते, पुन्हा डावीउजवीकडे पाहते. पालघरमध्येही, स्थानकाच्या परिसरात असो वा कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाजवळच्या पालघर–बोईसर रस्त्यावर असो, हे दृश्य अनोळखी नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणारे निवृत्तिवेतनधारक, जव्हार-विक्रमगडकडून शासकीय कामासाठी आलेले म्हातारे आईबाप, नातवाला शाळेतून आणणारे आजोबा, या सर्वांना दिवसातून एकदा तरी हा रस्ता पार करावाच लागतो.

आपण सहसा म्हणतो, "वय झाले, आता पाय उचलत नाहीत." हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे सत्य असे की, सिग्नल असलेल्या चौकात चालणाऱ्याला किती सेकंद द्यायचे हे कोणीतरी कागदावर गणित मांडून ठरवलेले असते, आणि त्या गणितातला माणूस बहुधा आपल्या घरातल्या आजीसारखा चालत नाही. प्रकृतीची काळजी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे गणित एकदा समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

सेकंद कसे ठरतात?

भारतात वाहतूक सिग्नलची रचना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक पद्धतीला अनुसरून केली जाते. तिच्यात पादचाऱ्याच्या चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्त्याच्या रुंदीला या वेगाने भागले की ओलांडण्यास लागणारा काळ मिळतो. त्यात सुरुवातीचे किमान ७ सेकंद मिळवतात. दिवा हिरवा झालेला दिसणे, गाड्या थांबल्याची खात्री करणे आणि कडेवरून खाली उतरणे यांसाठी हा वेळ असतो.

आता एक उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिका असलेला रस्ता दुभाजक सोडून साधारण १४ मीटर रुंद भरतो. १४ ला १.२ ने भागले असता सुमारे १२ सेकंद येतात. सुरुवातीचे ७ मिळवले की एकूण १९ सेकंदांच्या आसपास वेळ होतो. कागदावर हे पुरेसे दिसते.

पण सेकंदाला १.२ मीटर म्हणजे तासाला सव्वाचार किलोमीटरहून थोडा अधिक वेग. निरोगी तरुणाचा हा सहज वेग असतो. सत्तरीच्या पुढच्या अनेकांचा सहज वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास असतो. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांचा त्याहूनही कमी. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या चालण्याची मोजणी तपासणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. १.२ मीटरचा वेग न गाठणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ८४ टक्के, तर स्त्रियांत ९४ टक्के होते. म्हणजे ज्या वेगावर सिग्नलचे गणित उभे आहे, तो वेग बहुसंख्य ज्येष्ठांचा नाहीच.

आपल्या १४ मीटरच्या रस्त्यावर हे मोजून पाहू. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजी दिवा हिरवा होताच, दोन सेकंद अंदाज घेऊन निघाल्या, तर १९ सेकंद संपताना त्या पलीकडच्या कडेपासून जेमतेम पावलाभर अंतरावर असतील. हे झाले सर्वांत अनुकूल परिस्थितीत. समजा, त्या चौकात पोहोचल्या तेव्हा हिरव्या दिव्याचे सुरुवातीचे सात सेकंद सरलेले होते आणि तरीही त्या निघाल्या. मग वेळ संपेल तेव्हा त्या साडेनऊ मीटरवर, म्हणजे दुभाजक ओलांडून पलीकडच्या वाहनांच्या मार्गिकेत असतील, आणि त्यांच्यापुढे अजून साडेचार मीटर रस्ता शिल्लक असेल. ०.८ मीटरच्या वेगाने हाच रस्ता पुरा करायला साडेसतरा सेकंद लागतात. तरुणाच्या आणि आजींच्या काळात फरक आहे तो अवघा सहा सेकंदांचा.

सिग्नलच नसेल तर?

आपल्या जिल्ह्यात रोज ओलांडावे लागणारे अनेक रस्ते सिग्नलविना आहेत. तिथे सेकंद कोणी देत नाही, ते आपणच दोन वाहनांमधील अंतरातून शोधायचे असतात. वय वाढते तसे हे काम दोन कारणांनी अवघड होते. एक म्हणजे आपली गती मंदावते. दुसरे कारण कमी जणांना ठाऊक असते. येणारे वाहन किती दूर आहे हे ज्येष्ठांना बऱ्यापैकी समजते, पण ते किती वेगाने येत आहे याचा अंदाज चुकतो. त्यामुळे दूरची भरधाव गाडी सुरक्षित वाटते आणि जवळची संथ गाडी धोक्याची.

साध्या दुपदरी, सात मीटरच्या रस्त्याचा विचार करा. ०.८ मीटरच्या वेगाने तो ओलांडायला पावणेनऊ सेकंद लागतात. शंभर मीटरवरची गाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर ती नऊ सेकंदांत आपल्यापाशी पोहोचते, म्हणजे आपण कसेबसे पार होतो. तीच गाडी ताशी ६० ने येत असेल तर सहा सेकंदांत पोहोचते. त्या वेळी आपण रस्त्याच्या मध्याच्या थोडे पुढे, नेमके तिच्या मार्गात असतो. दोन्ही वेळा गाडी 'शंभर मीटर दूर' होती. म्हणून चिल्हारकडे किंवा मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यांसारख्या मोकळ्या, वेगवान पट्ट्यांवर 'गाडी लांब आहे' या एकाच खुणेवर विसंबू नये. वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गतिरोधक आणि वेगमर्यादा हे म्हणूनच ज्येष्ठांसाठी सिग्नलइतकेच मोलाचे आहेत.

आकडेही हेच गांभीर्य दाखवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पादचारी.

न दिसणारी हानी

अपघाताची नोंद होते, परंतु न झालेल्या प्रवासाची नोंद कुठेच होत नाही. एकदा मध्यरस्त्यात अडकून कर्कश हॉर्न ऐकलेली ज्येष्ठ व्यक्ती पुढच्या वेळी बाहेर पडताना कचरते. आधी संध्याकाळचे फिरणे बंद होते, मग देऊळ, मग मंडळाची बैठक. औषधे कोणीतरी आणून देते, भाजी घरपोच येते. घरच्यांना वाटते, बरे झाले, जोखीम टळली. पण चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो, वेग आणखी घटतो. सहा महिन्यांनी रस्ता ओलांडायची वेळ आली, तर तोच रस्ता आता अधिक रुंद झालेला असतो! शिवाय एकटेपणाने झोप, भूक आणि मन यांवर जो परिणाम होतो तो वेगळाच. म्हणूनच सिग्नलचे सेकंद हा आरोग्याचाही विषय आहे.

घड्याळ बदलता येते

ज्येष्ठांना अधिक वेळ देणे अशक्य आहे असे मुळीच नाही. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांविषयीच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने २००९ साली हिशोबातला चालण्याचा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. सिंगापूरने त्याच वर्षी एक सोपी सोय सुरू केली. तिथे ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड खांबावरच्या यंत्राला लावले की, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद अधिक मिळतात. कार्ड लावले नाही तर सिग्नल नेहमीप्रमाणे चालतो, त्यामुळे वाहनांचा खोळंबाही होत नाही. ब्रिटनमधील काही ओलांडण-मार्गांवर संवेदक बसवलेले असतात. माणूस अजून रस्त्यावर आहे हे त्यांना कळते आणि वाहनांचा लाल दिवा थोडा लांबतो.

आपल्याकडेही पादचाऱ्याचा विचार हळूहळू होतो आहे. २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. २०२० साली मुंबईत दादर परिसरातील पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या जोडीला स्त्रीची आकृती आली. दिव्यातली आकृती बदलता येते, तर दिव्याचा काळही बदलता येईल, असे म्हणायला हरकत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे.

यावर आक्षेप येतो तो असा, की सेकंद वाढवले तर पाळी सुटताना वाहनांच्या रांगा लागतील. आक्षेप खोटा नाही. पण उपाय केवळ सेकंद वाढवण्याचा नसतो. पुढील मार्ग खर्चिक नाहीत:

• पादचाऱ्यांना वाहनांच्या आधी काही सेकंद निघू देणे. त्यामुळे वळणाऱ्या चालकाला ते रस्त्यावर आधीच दिसतात.

• दुभाजकात उभे राहण्यापुरती सपाट, संरक्षित जागा करणे, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. १४ मीटर एकदम चालण्यापेक्षा सात-सात मीटर सोपे.

• दिवसाच्या वेळेनुसार वेगळे वेळापत्रक ठेवणे. बँका, दवाखाने उघडे असताना पादचाऱ्यांना अधिक वेळ, पाळी बदलताना वेगळा हिशोब.

• सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळू देण्याची मुभा गर्दीच्या चौकात बंद करणे. ज्येष्ठांना सर्वांत मोठी भीती याच वळणाऱ्या गाडीची असते.

• पावसाळ्याआधी झेब्रा पट्टे आणि थांबण्याची रेषा पुन्हा रंगवणे. पालघरच्या धुवाधार पावसात पुसट पट्टा चालकाला दिसत नाही.

घरच्या घरी मोजा

आपला वेग ठाऊक असणे हे आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. रक्तदाबाप्रमाणे चालण्याचा वेग हाही वार्धक्यातील प्रकृतीचा एक विश्वासार्ह निर्देशक मानला जातो. मोजणी सोपी आहे. घरातील मोकळ्या जागेत किंवा इमारतीच्या मार्गिकेत चार मीटर अंतरावर दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या मीटरभर आधीपासून नेहमीच्या वेगाने चालायला सुरुवात करा आणि दुसऱ्या खुणेच्या पुढेही मीटरभर चालत राहा. दोन खुणांमधला काळ कोणाला तरी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजायला सांगा. दोनदा मोजा, चांगली वेळ धरा. नेहमीची काठी वापरा, आणि सोबत माणूस असल्याशिवाय हे करू नका.

४ सेकंद लागले तर वेग १ मीटर, ५ सेकंद लागले तर ०.८ मीटर. आशियाई तज्ज्ञगटाने स्नायूंच्या ऱ्हासाची तपासणी करताना १ मीटरहून कमी वेग ही लक्ष देण्याची खूण मानली आहे. पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, किंवा मागच्या वर्षापेक्षा वेग स्पष्टपणे घटला असेल, तर 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. गुडघ्याचे दुखणे, मोतीबिंदू, पायांच्या नसांवरील मधुमेहाचा परिणाम, ड जीवनसत्त्वाची कमतरता, किंवा उभे राहिल्यावर रक्तदाब घसरवणारी औषधे अशी अनेक कारणे असतात. त्यांतली बरीचशी उपचारांनी सुधारतात.

डॉक्टरांच्या संमतीने रोज दहा मिनिटांचा सरावही करता येतो. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पावलापुढे दुसरे पाऊल जोडून उभे राहणे. मान दोन्ही बाजूंना वळवण्याचा हलका व्यायामही विसरू नका. मान वळत नसेल तर येणारे वाहन दिसतच नाही.

रस्त्यावर पाऊल टाकण्यापूर्वी

• आधीच सुरू असलेल्या हिरव्या दिव्यामागे धावू नका. तो जाऊ द्या आणि पुढच्या, ताज्या हिरव्या दिव्याच्या पहिल्या क्षणी निघा. वरील हिशोबात पाहिलेच, सात सेकंदांचा उशीर साडेचार मीटरला पडतो.

• दिवा हिरवा झाला तरी गाड्या खरोखर थांबल्या आहेत का ते पाहा. चालकाशी नजरानजर होऊ द्या.

• थांबलेल्या बसच्या पुढून कधीही ओलांडू नका. बस निघून गेल्यावर रस्ता मोकळा दिसेल.

• मध्यात असताना दिवा बदलला तर मागे वळू नका. दुभाजकाची जागा जवळ असेल तर तिथे थांबा, नसेल तर हात वर करून एकसारख्या गतीने पुढे जा. वळताना तोल जातो आणि चालकाचा अंदाजही चुकतो.

• संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घाला. काठीला चमकणारी पट्टी चिकटवा. पावसात छत्री डोळ्यांवर येऊ देऊ नका.

• चष्मा आणि श्रवणयंत्र घरी ठेवून बाहेर पडू नका. नवीन औषध सुरू झाल्यावर काही दिवस एकट्याने मोठा रस्ता टाळा.

सोबत असणाऱ्यांसाठी

आईचे किंवा सासऱ्यांचे मनगट धरून ओढू नका. त्यांना आपला दंड धरू द्या. त्यामुळे वेग त्यांचा राहतो आणि तोल सुटल्यास आधार मिळतो. ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूला आपण राहा, दुभाजक ओलांडल्यावर बाजू बदला. "चला, पटकन!" हे दोन शब्द टाळा. घाईत पाऊल आखूड पडते आणि अडखळते. पलीकडून हाक मारून बोलावू नका, कारण हाकेसरशी त्यांची नजर रस्त्यावरून हटते. आणि एकदा त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेगाने, नेहमीचा रस्ता चालून पाहा. कुठे कठडा उंच आहे, कुठे गटाराचे झाकण हलते, कुठे फेरीवाल्यांमुळे पदपथ सुटतो, हे तेव्हाच कळते. कधी कधी दोनशे पावले अधिक चालून सोपा ओलांडण-मार्ग मिळतो. तोच नेहमीचा करावा.

आपण काय मागू शकतो

ज्येष्ठ नागरिक संघाचे पाच-सहा सभासद एका सकाळी बसून बरेच काम करू शकतात. आपल्या अडचणीचा एकच चौक निवडा. सिग्नल असेल तर कडेला सुरक्षित उभे राहून पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचे सेकंद मोजा, सकाळी, दुपारी आणि पाळी बदलताना, प्रत्येक वेळी तीनदा. रस्त्याची रुंदी संबंधित कार्यालयाकडून मिळवा. दहा सभासदांचा चालण्याचा वेग वर सांगितलेल्या रीतीने मोजा. मग रुंदीला त्यांपैकी सर्वांत मंद व्यक्तीच्या वेगाने भागा. येणारा आकडा आणि मिळणारे सेकंद यांतील तफावत हीच आपली मागणी.

अर्ज लहान असावा. "अमुक चौकात पादचाऱ्यांना इतके सेकंद मिळतात. आमच्या दहा सभासदांपैकी इतक्यांना त्या वेळेत रस्ता ओलांडता येत नाही. चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरून वेळेची फेररचना करावी आणि दुभाजकात थांबण्याची जागा करावी, ही विनंती." सिग्नल नसलेल्या ठिकाणी झेब्रा पट्टे, गतिरोधक किंवा गर्दीच्या वेळी वाहतूक पोलिसाची नेमणूक मागता येते. अर्ज जिल्हा वाहतूक शाखेला द्या आणि प्रती रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना पाठवा. शहरातील रस्त्यासाठी नगरपरिषद वा ग्रामपंचायत, मोठ्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, औद्योगिक वसाहतीतील रस्त्यासाठी औद्योगिक विकास महामंडळ. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडेही एक प्रत जावी. तोंडी तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्याला उत्तर देणे कार्यालयाला भाग पडते.

दोन क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७. अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्या माणसाला कायद्याने संरक्षण आहे, हेही शेजाऱ्यांना सांगा.

आणि जेव्हा आपण स्वतः गाडी चालवत असाल, तेव्हा समोर झेब्रा पट्ट्यावर कोणी काठी टेकत चालले असेल, तर थांबण्याच्या रेषेअलीकडे गाडी उभी करा आणि हॉर्नवरचा हात काढून घ्या. आपल्याला त्यासाठी लागतील सहा सेकंद. उद्या याच रस्त्यावर आपल्या घरातले कोणीतरी तेवढेच सेकंद दुसऱ्या कोणाकडून अपेक्षित असणार आहे.